सदतीस राक्षस

"फळ्या लाकडाच्या नकोत," मी म्हणाले. "काचेच्या लावा."

अरविंदशेठ सुताराला सागाच्या फळ्यांचं माप सांगत होते. ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"काच कशाला?"

"लाकडावर ठेवलेत तर मांडणीतल्या डब्यांसारखे दिसतील. काचेवर अधांतरी उभे राहिल्यासारखे वाटतील. वरून दिवे सोडले की उजेड पार खालपर्यंत येईल. आणि वरच्या फळ्या डोक्याच्याही वर घ्या. राक्षस आहेत ते. बघणाऱ्याने मान वर करून बघायला हवं."

शेठना ते पटलं. त्यांनी सुताराच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस? काच. जाड घे, आणि चांगली घे. पैशाकडे बघू नकोस." मग मला म्हणाले, "घरतने तुला बरंच शिकवलंय हां, शालन."

"हो," मी म्हणाले.

घरत म्हणजे माझा नवरा. यांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पेणमध्ये अरविंदशेठ कडूंचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. हे तिथे साचे करायचे आणि मी आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळी मूर्ती रंगवून झाली की शेवटी ती आमच्यासारख्या दोघीतिघींपुढे यायची. आम्ही डोळे उघडले की तो देव व्हायचा. सोळा वर्षं मी दुसरं काही केलं नाही.

कारखान्याच्या माडीवर शेठनी नवीन दालन बांधायला घेतलं होतं. नाव ठेवलं होतं 'राक्षससृष्टी'. त्यात कागदाचे सदतीस राक्षस मांडायचे होते. काही वीतभर, काही हातभर उंचीचे. मुंबईच्या प्रदर्शनात ते गाजले होते. पेपरात फोटो आला होता, वर मथळा, 'मूर्तिकार अरविंद कडू यांचे अद्भुत राक्षस'. पण जाण्यायेण्यात कुणाचा कान तुटला होता, कुणाचे रंग खरवडले होते, बऱ्याच जणांचे डोळे पुसट झाले होते. ते डोळे पुन्हा करायचे तर मलाच बोलवायला हवं होतं, कारण मुळात ते मीच केले होते.

राक्षस कुणी केले होते, ते कारखान्यातल्या चाळीसच्या चाळीस माणसांना माहीत होतं.

आमची हर्षाली सात वर्षांची असताना तिला अंधाराची भीती बसली. संध्याकाळी दिवे गेले की ती आमच्या मागच्या बोळाकडच्या दाराशी जायची नाही. यांनी तिला एकदा विचारलं, "कोण असतं गं तिकडे?"

"शिट्टी मारणारा."

हे कारखान्यातून मूठभर शाडू घेऊन आले. तिला समोर बसवलं. "असा असतो?"

"नाही. नाक लांब असतं."

"एवढं?"

"अजून लांब. आणि त्याला मान नसते."

असा शिट्टीमाऱ्या झाला. शाडूवर कागदाच्या पट्ट्यांचे खळीने थर दिले, वाळल्यावर बुडातून शाडू उकरून काढला, बुडाला पुठ्ठा चिकटवला आणि वर रंग दिला. डोळे मी केले. हर्षालीने त्याला हातात धरून उलटासुलटा पाहिला आणि म्हणाली, "हा एवढाच आहे?" त्या दिवसापासून ती बोळाच्या दाराशी जायला लागली.

मग तिची एकेक भीती निघायला लागली आणि एकेक राक्षस होत गेला. केसओढ्या, गटारगिळ्या, शाळेच्या जिन्याखालचा दातमोज्या. पाच वर्षांत सदतीस झाले. स्वयंपाकघराच्या भिंतीला यांनी दोन लांब फळ्या ठोकल्या होत्या. कुणी कुठे उभं राहायचं ते हर्षाली ठरवायची. रोज शाळेतून आली की आधी फळीवर नजर फिरवायची. कुणी जागेवरून हललेला दिसला तर मला जाब विचारायची.

सहावीत गेल्यावर तिच्या भित्या संपल्या आणि यांचा खोकला सुरू झाला. साच्यांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली होती. शेवटचे चार महिने हे स्वयंपाकघरातल्या खाटेवरच होते. शेठ एकदा आंब्यांची पेटी घेऊन बघायला आले. फळ्यांवरच्या राक्षसांकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

"घरत, हे मुंबईला प्रदर्शनात ठेवू या. चार लोकांनी बघायला हवेत."

हे इतके खूश झाले की उठून बसले. माझ्या जुन्या साड्यांचे तुकडे करून सदतीस राक्षस स्वतःच्या हातांनी गुंडाळले. एवढ्यानेही दम लागत होता, पण मला हात लावू देईनात.

दीड महिन्याने पेपर आला. हर्षालीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. यांनी तिच्या हातून पेपर घेतला. आत शेठची मुलाखत होती. 'माझ्या नातीला अंधाराची फार भीती वाटायची. तिच्यासाठी मी हे राक्षस घडवत गेलो.'

यांनी सगळं वाचलं. पेपराची नीट घडी घातली.

"त्यांची नात तर अमेरिकेत असते," हे म्हणाले. "तिकडे कुठे दिवे जातात?"

मी हसले. यांना हसू आलं नाही. त्यानंतर यांनी राक्षसांचं नावही काढलं नाही. फळ्या रिकाम्या होत्या, त्यांच्याकडे पाठ करून झोपायचे. अठराव्या दिवशी गेले.

तेराव्यानंतर मी शेठच्या ऑफिसात गेले. राक्षस मुंबईहून परत आले होते. दातमोज्या त्यांच्या टेबलावरच होता.

"शेठ, पेपरात चूक झाली आहे. ती दुरुस्त करून घ्या. यांचं नाव द्या."

"बस, शालन." ते गोडीने बोलत होते. "माती माझी, रंग माझे, पगार माझा. घरतचा हात चांगला होता, मी कुठे नाही म्हणतो? पण त्याला कोण ओळखतं? माझ्या नावावर लोक बघायला येतात. उद्या कारखाना मोठा झाला तर तुमचंच भलं आहे."

"ते यांनी घरी केले. स्वतःच्या मुलीसाठी."

"कशावरून?" त्यांनी दातमोज्या उचलला, उलटा केला आणि बुडाचा पुठ्ठा माझ्यासमोर धरला. "दाखव. कुठे नाव आहे त्याचं?"

पुठ्ठा कोरा होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"नाही ना?" शेठ म्हणाले. "मग उगाच विषय वाढवू नकोस. गणपती तोंडावर आले आहेत. कामाला ये."

तिथून मी काशिनाथमामांकडे गेले. कारखान्यातले सगळ्यांत जुने कारागीर ते. यांना साचे करायला त्यांनीच शिकवलं होतं.

"मामा, तुम्ही एक शब्द बोला. तुमचं शेठ ऐकतील."

मामांनी हातातली कोरणी पुसली, मग पुन्हा पुसली. "माझी दोन्ही पोरं इथंच आहेत कामाला, बाय. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मेलेल्या माणसाला नावाचं काय गं? देवाला ठाऊक आहे ना कुणी केले ते."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि नेहमीसारखे डोळे करायला बसले. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

म्हणून शेठनी जेव्हा राक्षसांचे डोळे आणि मांडणी अशी दोन्ही कामं मला सांगितली, तेव्हा मी हो म्हटल्याचं सगळ्यांना नवल वाटलं. शेठनासुद्धा. "शहाणी आहेस," ते म्हणाले.

राक्षस मी घरी आणले. हर्षाली शाळेतून आली तर स्वयंपाकघरात सदतीसही जण जमिनीवर बसलेले. ती उंबऱ्यातच थांबली.

"परत दिले?"

"नाही. डोळे करून द्यायचे आहेत."

"त्यांच्यासाठी करतेस?" तिचा आवाज चिरकला. "त्यांच्या नावाच्या पाटीखाली ठेवायला?"

"करू दे मला."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी डोळे करत होते, कान चिकटवत होते, आणि एकेकाच्या बुडाचा पुठ्ठा सुरीने सोडवून काढत होते. तिसऱ्या दिवशी तिने गटारगिळ्याला उचललं, आत डोकावून पाहिलं आणि तशीच खाली बसली. बराच वेळ आत बघत होती. मग माझ्याजवळ बसून मऊ ब्रशने एकेकाच्या पोटातली धूळ झटकायला लागली. मी तिला काही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

शेठना मी म्हटलं, "पुठ्ठ्यांना कसर लागली होती. काढून टाकले. नाहीतर वर चढली असती."

"बरं केलंस."

मांडणीला मी दोन दिवस घेतले. शेठना शाळेच्या फोटोसारखी उंचीप्रमाणे रांग हवी होती. मी म्हटलं, "लहान वर जाऊ देत, मोठे खाली. बघणाऱ्याची नजर वर ओढली जाते." त्यांनी मान डोलावली. शिडीवर चढून मी एकेकाला काचेवर ठेवत होते. कोण कुठे जाणार ते माझं आठ दिवसांपूर्वीच ठरलं होतं. मधूनमधून शिडीवरून उतरून फरशीवर उताणी पडून बघायचे. एकदा काशिनाथमामा माडीवर आले आणि घाबरले.

"काय झालं गं? चक्कर आली?"

"नाही मामा. मांडणी बघतेय."

उद्घाटनाला मुंबईहून दिघेबाई आल्या होत्या. कलाशाळेत आयुष्यभर शिल्पकला शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, बुटक्याशा. पेपरवाले दोघे होते, गावातली प्रतिष्ठित माणसं होती, आणि कारखान्याची सगळी माणसं भिंतीला टेकून उभी होती. हर्षालीला मी शाळेच्या गणवेशातच आणलं होतं.

शेठ बोलले. नातीच्या अंधाराची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली आणि ती अशी रंगवून सांगितली की एका बाईने डोळे पुसले. मग फीत कापली, दिवे लागले. काचांमधून उजेड खाली झिरपला आणि राक्षस खरोखरच अधांतरी उभे राहिले. सगळ्यांच्या तोंडून 'वा!' निघालं.

दिघेबाईंना वरचं काही दिसेना. त्या फळ्यांच्या अगदी जवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि मान मागे टाकून खालून बघायला लागल्या. कारागीर माणूस वस्तूचं तोंड नंतर बघतं. आधी आत कसं केलंय ते बघतं. माझा भरवसा त्याच्यावरच होता.

"कडू, आतला थर कसला दिलाय?"

"रद्दी, बाई. जुने पेपर."

"पेपर नाही हे. वहीची पानं आहेत." त्या पुढे सरकल्या. "'गाय हा पाळीव प्राणी आहे. गायीला चार पाय असतात.' अगं बाई, किती गोड अक्षर आहे! इकडे पाढे आहेत. तेराचा चुकलाय." लोक हसले. बाई आणखी एका राक्षसाखाली गेल्या. "आणि इथे नाव आहे. कुमारी हर्षाली. ही तुमची नात का?"

पेपरवाले लिहून घेत होते.

"हो," शेठ म्हणाले. "तीच. तिच्याच वह्या."

"वा! म्हणजे मुलीची भीती आणि मुलीचीच वही. हे तुम्ही सांगितलंच नाहीत आम्हाला!" बाई खुलल्या होत्या. त्यांनी चष्मा खाली घेतला. "कुमारी हर्षाली वामन घरत. इयत्ता तिसरी, तुकडी ब." मग पलीकडे गेल्या. "इथेही तेच. हर्षाली वामन घरत. इथे चाचणीचा पेपर, पालकाची सही, वामन घरत. इथेही वामन घरत." त्या वळल्या. "घरत? कडू नाही?"

यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. यांनीही ते कुठल्याच मूर्तीवर कधी घातलं नव्हतं. त्या दालनात ते चार वेळा मोठ्याने वाचलं गेलं.

"जावयाचं आडनाव," शेठ म्हणाले. "मुलीची मुलगी आहे ती."

भिंतीकडे कुणीतरी खाकरलं. शेठना एकच मुलगा, तोही अमेरिकेत, हे पेणमधलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"शेठ," काशिनाथमामा म्हणाले. "तुम्हाला मुलगी कुठे आहे?"

पेपरवाल्यांनी माना वर केल्या. दिघेबाई मामांकडे बघत होत्या, मग शेठकडे, मग पुन्हा वर काचेकडे. "वामन घरत कोण?" त्यांनी विचारलं.

"माझा नवरा," मी म्हणाले. "वामन रामचंद्र घरत. इथेच साचे करायचे. आणि ही हर्षाली."

हर्षाली पुढे झाली नाही. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

चहाचे कप घेऊन आलेला माणूस दारातच थिजला. दिघेबाईंनी पर्स उचलली. जाताना माझ्यासमोर थांबल्या. "काच तुम्ही सांगितलीत का?"

"हो."

त्यांनी नुसती मान हलवली आणि जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ घरी आले. ओट्यावर टेकले. एका रात्रीत चेहरा उतरला होता.

"दिघेबाई सगळं लिहून पेपरात देणार आहेत. माझं नाव मातीत जाईल, शालन. तीस वर्षांचं नाव." त्यांनी खिशातून कागद काढला. "तू एवढ्यावर सही कर. घरतच्या संमतीने झालं, गैरसमज झाला. मी संगमरवराची पाटी लावतो त्याच्या नावाची. मोठी लावतो."

"पाटी नको. राक्षस परत हवेत."

"आज दुपारी टेम्पो पाठवतो."

"टेम्पो नको. तुम्ही आणा. चालत. एका वेळी एक. बाजारातून."

"सदतीस आहेत."

"हो."

"माझं वय चौसष्ट आहे."

"यांचं बेचाळीस होतं."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "मग सही देशील?"

"आधी सगळे येऊ देत," मी म्हणाले. "मग बघू."

कारखाना ते आमचं घर सातआठ मिनिटांची वाट. मध्ये भाजीबाजार, मग मारुतीचं देऊळ, मग आमची आळी. मी ओट्यावर पाट टाकून बसले. नऊच्या सुमाराला पहिला आला. पांढरा सदरा, धोतर आणि दोन्ही हातांत शिट्टीमाऱ्या. गणपती घरी आणताना माणसं जसं चालतात तसंच शेठ चालत होते, जपून, मूर्ती छातीशी धरून. तीस वर्षं लोकांनी त्यांच्याकडून देव तसे नेले होते. मी शिट्टीमाऱ्याला घेतलं, उलटा करून पाहिलं, आत ठेवलं. शेठ परत गेले.

पाचव्या फेरीला आळीतली माणसं दारात आली. दहाव्याला भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या, असं मला मागाहून कळलं. कुणी हसलं नाही, कुणी विचारलंही नाही. गावाला सकाळीच सगळं समजलं होतं. कारखान्याची माणसं फाटकाशी रांगेने उभी राहून एकेक राक्षस त्यांच्या हातात देत होती. काशिनाथमामांनी एकदा शेठबरोबर यायला पाऊल टाकलं, तर शेठनीच त्यांना हाताने थांबवलं. मी ओट्यावर मोजत बसले आहे, हे त्यांना माहीत होतं.

दुपार झाली. शेठचा सदरा पाठीला चिकटला होता. सव्विसावा केसओढ्या होता. तो माझ्या हातात दिला आणि ते पायरीवर बसले. बसले म्हणजे कोसळलेच.

"पाणी दे गं थोडं."

हर्षालीने आतून तांब्या आणला. ते घटाघट प्यायले, अर्धं अंगावर सांडलं. हर्षाली बघत उभी होती.

"बसा तुम्ही," ती त्यांना म्हणाली. "उरलेले मी आणते." आणि पायात चपला घालायला लागली.

"हर्षाली, आत जा."

"आई, ते म्हातारे आहेत."

"आत जा म्हटलं ना."

ती उभीच राहिली. शेठनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"अजून अकरा राहिले आहेत," मी म्हणाले.

ते भिंतीला धरून उठले आणि गेले. अकराही आणले. शेवटचा आणला तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांनी घामाने ओला झालेला कागद खिशातून काढून माझ्यापुढे धरला. पेनही काढलं. मी दोन्हीतलं काही घेतलं नाही. दार लावून घेतलं. बराच वेळ ते बाहेर उभे होते, मग पावलं वाजली.

रविवारी दिघेबाईंचा लेख आला. पुढच्या दोन वर्षांत कारखाना निम्मा झाला, नंतर बंदच पडला. काशिनाथमामांची पोरं कामासाठी पनवेलला गेली. मी दुसऱ्यांकडे आखणीला जायला लागले. सहा वर्षांनी शेठ गेले तेव्हा अंत्ययात्रेला अख्खी पेठ लोटली होती. मी गेले नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. दार लावून मी वळले, तर हर्षालीने सगळे राक्षस फळ्यांवर मांडले होते, आपापल्या जागी, एकही न चुकता. ती फळीला टेकून उभी होती. तेरा वर्षांची पोर, पण मोठ्या बाईसारखी माझ्याकडे बघत होती.

"आता झालं ना, आई?"

तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"नाही," मी म्हणाले.